वडिलांचा बारा-दहा, एकास चोवीस

वाचकाचे पत्र

स. न. वि. वि.

मी एक्केचाळीस वर्षांचा असून पुण्यात एका खासगी कंपनीत नोकरी करतो. माझे वडील १९८३ पासून २००६ पर्यंत तासगावात स्वतःचा टाटा १२१० ट्रक चालवत असत. द्राक्षांच्या हंगामात पेट्या, एरवी बेदाणे आणि मिळेल तो माल घेऊन ते नॅशनल परमिटवर चार-पाच राज्यांत फिरले. २००६ मध्ये ट्रक भंगारात गेला. आमच्याकडे त्याचे तीनच फोटो आहेत: एक दसऱ्याचा, एक आई ट्रकसमोर उभी असलेला आणि एक रात्री काढलेला, अर्धवट अंधारातला. येत्या डिसेंबरात वडिलांना पंचाहत्तर वर्षे पूर्ण होतील आणि तोपर्यंत त्या ट्रकचे छोटे मॉडेल करून त्यांना द्यावे असे माझ्या मनात आहे. मी आजवर १:२४ प्रमाणातल्या, म्हणजे मूळ गाडीच्या चोविसाव्या हिश्श्याएवढ्या, तीन मोटारी सुट्या भागांच्या परदेशी संचांमधून जुळवल्या आहेत, पण या ट्रकचा संच मला कुठे मिळाला नाही.

माझे प्रश्न असे: संच नसताना सुरुवात कुठून करावी आणि प्रमाण कोणते घ्यावे? ट्रक नवाकोरा दाखवावा की जुना, वापरलेला? धाकटा भाऊ म्हणतो की एवढे महिने घालवण्यापेक्षा एखाद्या मॉडेल बनवणाऱ्याला पैसे देऊन करून घे. त्याचे म्हणणे योग्य आहे का? आणि शेवटचे म्हणजे, वाढदिवसापर्यंत ही गोष्ट वडिलांपासून लपवून कशी ठेवावी? त्यांची दृष्टी अलीकडे मंदावली आहे, पण ते माझ्याकडे वरचेवर राहायला येतात.

एका ट्रकमालकाचा मुलगा, पुणे

उत्तर

स. न. वि. वि.

तुमचा शेवटचा प्रश्न मी सर्वांत आधी घेतो, कारण त्याचे उत्तर चुकले तर बाकीच्या उत्तरांचा फारसा उपयोग होणार नाही. ही गोष्ट वडिलांपासून लपवू नका. वाढदिवसाच्या दिवशी झाकण उचलून त्यांना चकित करण्याची तुमची इच्छा मला कळते, परंतु तो एक क्षण मिळवण्यासाठी तुम्ही या कामातले सर्वांत मोलाचे साधन गमावून बसाल. तुमच्या ट्रकचा नकाशा जगात कुठेही छापलेला नाही. तो वडिलांजवळ आहे.

हे मी केवळ भावनेच्या भरात लिहीत नाही. टाटांच्या जमशेदपूरच्या टेल्को या कंपनीने १९५४ मध्ये जर्मनीच्या डाइम्लर-बेंझशी करार करून ट्रक बनवायला सुरुवात केली आणि हा करार १९६९ मध्ये संपला. त्यानंतर ट्रकच्या तोंडावरचा तीन टोकांचा तारा गेला आणि त्या जागी टाटांचे इंग्रजी टी हे अक्षर आले, पण ट्रकांना आकड्यांची नावे देण्याची जर्मन पद्धत मात्र टिकून राहिली. १२१० म्हणजे ढोबळमानाने मालासह बारा टन वजन आणि शंभर अश्वशक्ती, १६१३ म्हणजे सोळा टन आणि एकशे तीस; म्हणूनच चालक मंडळी बारा-दहा, सोळा-तेरा असे बोलत. आता महत्त्वाचा मुद्दा असा की, त्या काळी मालक कंपनीकडून बहुधा चॅसी विकत घेत असे, म्हणजे सांगाडा, इंजिन, चाके आणि पुढचा शो, अर्थात ट्रकचे पत्र्याचे तोंड. मागची केबिन आणि हौदा स्थानिक बॉडी बिल्डरकडे, लाकडाच्या चौकटीवर पत्रा ठोकून आणि फळ्या जोडून तयार होत असे. एका गावचा कारागीर केबिनचा टप जरा फुगीर करी, दुसरा सपाट ठेवी. कुणी मालक टपावर सामानासाठी कठडा मागे, कुणी मागच्या बाजूला झोपायची फळी रुंद करून घेई. त्यामुळे एकाच वर्षी एकाच कारखान्यातून निघालेल्या दोन बारा-दहांच्या केबिनी एकसारख्या असतीलच असे नाही. कंपनीची जुनी माहितीपत्रके मिळाली तरी तुम्हाला चॅसी कळेल, ट्रक कळणार नाही.

वडिलांना मापे मात्र थेट विचारू नका. "केबिन किती फूट उंच होती?" असे विचारले तर कुणीही अंदाजाने काहीतरी सांगतो आणि पुढे त्या आकड्याला चिकटून बसतो. तेवीस वर्षे ज्या यंत्रात माणूस बसला-उठला त्याची मापे त्याच्या अंगात मुरलेली असतात, म्हणून ती अंगाकडूनच काढून घ्यायची. त्यांना एका खुर्चीवर बसवा, स्टिअरिंगवर ठेवत असत तसे हात पुढे धरायला सांगा आणि दोन्ही तळव्यांमधले अंतर व छातीपासूनचे अंतर टेपने मोजा. गिअरची दांडी कुठे येत होती ते डाव्या हाताने दाखवायला सांगा. केबिनमध्ये चढताना पाय कितव्या पायरीवर पडत असे, हात कोणत्या कडीला जात असे, खिडकीच्या काठावर कोपर ठेवले तर खांदा किती उचलला जात असे, मागचा फाळका खाली सोडण्यापूर्वी त्याची कडी छातीच्या उंचीवर होती की डोक्याच्या, ताडपत्रीची दोरी हुकात अडकवताना वाकावे लागत होते का, हे प्रश्न विचारा. हौद्याच्या बाजूच्या फळ्या किती होत्या हे आठवत नसेल, पण फळीची रुंदी ते वितीने नक्की दाखवतील. त्यांची वीत आधी मोजून ठेवा म्हणजे झाले. त्यांची दृष्टी मंदावली आहे, असे तुम्ही लिहिले आहे. या पद्धतीत त्यांना काहीही पाहावे लागत नाही.

या बैठका एकदाच उरकू नका. आठवण पहिल्या दिवशी तुटक येते आणि चार दिवसांनी, जेवताना, अचानक पुढचा तुकडा घेऊन येते. फोनवर आवाज मुद्रित करून ठेवा आणि एका वहीत डाव्या पानावर त्यांचे वाक्य व उजव्या पानावर तुम्ही मोजलेले माप असे लिहीत जा. दोन बैठकांतली मापे जुळली नाहीत तर वाद घालू नका. दोन्ही लिहून ठेवा, फोटो त्याचा निकाल देईल.

आता प्रमाणाकडे वळतो. तुमच्या आधीच्या मोटारी १:२४ च्या आहेत म्हणून ट्रकही १:२४ चाच हवा, असे तुम्हाला साहजिकच वाटेल आणि शेवटी बहुधा तुम्ही तिथेच याल, पण त्या निर्णयाची वाट टायरमधून जाऊ द्या. संचाशिवाय मॉडेल करताना जवळजवळ सगळे काही प्लॅस्टिकच्या पत्र्यातून कापून करता येते. घरी नीट करता येत नाही ते फक्त टायर. तो गोल हवा, सहाही एकसारखे हवेत, स्टेपनी धरली तर सात, आणि त्यावरची नक्षी विश्वसनीय दिसली पाहिजे. म्हणून आधी टायर मिळवायचे आणि मिळालेल्या टायरवरून प्रमाण ठरवायचे. या वर्गाच्या ट्रकांना ९.००-२० मापाचे टायर सर्रास असत आणि अशा टायरचा बाहेरचा व्यास सुमारे एक मीटर दोन सेंटिमीटर भरतो. तो १:२४ ला साडेबेचाळीस मिलिमीटर होतो, १:२५ ला एक्केचाळीसच्या जरा खाली, १:३२ ला बत्तीस आणि १:४३ ला चोवीसच्या आसपास. इटालेरीसारख्या कंपन्यांचे १:२४ चे युरोपीय ट्रक आणि एएमटीचे १:२५ चे अमेरिकी ट्रक यांच्या संचांतून सुटे निघणारे टायर पाहा, रिमोटवर चालणाऱ्या खेळण्यांचे पाहा, आणि व्यास स्वतः मोजल्याशिवाय घेऊ नका. युरोपीय ट्रकांच्या रिम मात्र आपल्या जुन्या ट्रकाला शोभणार नाहीत, कारण आपल्या रिमवर टायर अडकवून ठेवणारी वेगळी लोखंडी रिंग दिसते. त्या रिम तुम्हाला नव्याने कराव्या लागतील. सात-साडेसात मीटरचा ट्रक १:२४ ला तीसेक सेंटिमीटर लांबीचा होतो. तो हातात धरून बोटांनी चाचपता येतो, आणि तुमच्या वडिलांची दृष्टी लक्षात घेता मला हे फार महत्त्वाचे वाटते. १:४३ चे मॉडेल कपाटात सुबक दिसेल, पण ते त्यांना बोटांनी ओळखता येणार नाही.

टायरचा दुसरा उपयोग फोटोंसाठी आहे. दसऱ्याच्या फोटोत ट्रक बाजूने दिसत असेल असे मी धरून चालतो. त्यात टायरची आडवी रुंदी मोजा. उभी उंची घेऊ नका, कारण भाराने टायर खालून चपटा झालेला असतो. समजा फोटोत टायर १८ मिलिमीटरचा आहे आणि पुढच्या चाकाच्या केंद्रापासून मागच्या चाकाच्या केंद्रापर्यंतचे अंतर ७५ मिलिमीटर आहे, तर ७५ भागिले १८ गुणिले १.०२ म्हणजे सव्वाचार मीटर हे खरे अंतर झाले. ट्रक थोडा तिरका उभा असला तरी आडवी मापे साधारण सारख्याच प्रमाणात आक्रसतात, म्हणून आडव्याची तुलना आडव्याशी आणि उभ्याची उभ्याशी करायची; दोन्हींची सरमिसळ केली की मॉडेल नकळत लांबट किंवा बुटके होते. आईच्या फोटोतून उंची मिळेल. आईची उंची तुम्हाला ठाऊक आहे, ती बोनेटच्या कोणत्या रेषेपर्यंत पोहोचते ते पाहा. फक्त ती ट्रकच्या पुढे चार पावलांवर उभी असेल तर फोटोत मोठी दिसणार, हे ध्यानात ठेवून थोडी वजावट करा.

चॅसीसाठी मात्र प्रत्यक्ष ट्रक पाहायला जा. जुने अर्ध्या बोनेटचे टाटा ट्रक अजून नामशेष झालेले नाहीत. माल वाहण्याच्या कामातून निवृत्त झाल्यावर त्यांतले कितीतरी पाण्याचे टँकर झाले आणि खाणींवर, वीटभट्ट्यांवर किंवा दुष्काळी गावांच्या वेशीवर उभे असलेले दिसतात. मालकाची रीतसर परवानगी घ्या, कशासाठी हवे ते सांगा. हे काम ऐकून नाही म्हणणारा ट्रकमालक मला अजून भेटलेला नाही. फोटो काढताना जवळ उभे राहू नका. पंधरा-वीस मीटर मागे जाऊन झूम वापरा, म्हणजे पुढचा भाग फुगलेला आणि मागचा आक्रसलेला दिसणार नाही. टेप उघडून ट्रकला टेकवून ठेवा आणि तोही चौकटीत येऊ द्या. चॅसीच्या दोन कैच्यांची (लांब लोखंडी तुळयांची) उंची, त्यांच्यामधले अंतर, पाट्यांच्या (चाकांवरच्या पट्ट्यांच्या स्प्रिंगांच्या) पानांची संख्या, डिझेलची टाकी कोणत्या बाजूला आणि कशी लटकवली आहे, हे सगळे खाली वाकून नोंदवा. जो भाग उभ्याने दिसत नाही तोच मॉडेल उलटे केल्यावर लोक आधी पाहतात, आणि तुमचे वडील तर ते नक्की उलटे करून पाहतील.

जुळवाजुळवीच्या प्रत्येक पायरीवर मी थांबत नाही. तीन संच पुरे केलेल्या माणसाला चिमटा आणि कानस कशी धरायची हे सांगायला नको. वास्तुकलेच्या विद्यार्थ्यांना लागणारे साहित्य विकणाऱ्या दुकानांत अर्धा आणि एक मिलिमीटर जाडीचे पॉलिस्टायरिनचे पत्रे विचारा. एक इंच जाडीची फळी १:२४ ला एक मिलिमीटरची होते, त्यामुळे हौद्यासाठी एक मिलिमीटरचा पत्रा आयताच योग्य पडतो. फळ्या खऱ्या लाकडाच्या कराव्यात असा मोह होईल, पण खऱ्या लाकडाच्या रेषा चोवीसपट मोठ्या दिसतात आणि ट्रक लाकडी खेळण्यासारखा वाटू लागतो. प्लॅस्टिकच्या पट्टीवर करवतीचे पाते दाबून लांबीच्या दिशेने ओढा, हलक्या हाताने घासा, आणि रंगातून लाकूड दाखवा. पाटे अर्ध्या मिलिमीटरच्या पट्ट्या एकावर एक चिकटवून, प्रत्येक पट्टी आधीच्यापेक्षा किंचित आखूड ठेवून करावेत. बोनेट आणि पुढचे मडगार्ड हा सर्वांत कठीण भाग आहे, कारण तिथे पत्रा दोन दिशांना वळतो. त्यासाठी शिवणी किंवा सागाच्या तुकड्यातून आतला साचा कोरून घ्या, प्लॅस्टिकचा पत्रा गॅसपासून पुरेसा दूर धरून लवचीक होईपर्यंत तापवा आणि साच्यावर दाबा. पहिले चार-पाच तुकडे वाया जातील, त्यांचा हिशेब आधीच धरून पत्रा घ्या. गोल मागचे मडगार्ड असतील तर प्लंबरकडच्या पाइपचा योग्य व्यासाचा तुकडा उभा चिरला की काम होते.

त्याआधी एक रंगीत तालीम करा. सेंटी टॉईज या आपल्याकडच्या कंपनीचे प्लॅस्टिकचे ट्रक खेळण्यांच्या दुकानांत सहज मिळतात. त्यांतला एक घेऊन पूर्ण सुटा करा, साबणाच्या पाण्याने धुवा, केबिन कापा, टप बदला, रंगवा, अक्षरे लिहा. मॉडेलकारांच्या या जगात फेरफाराची परंपरा जुनीच आहे. एएमटीने १९५८ पासून अमेरिकेत एकाच खोक्यात तीन प्रकारे जुळवता येणारे संच विकायला सुरुवात केली, म्हणजे मोटार जशीच्या तशी, शर्यतीची किंवा आपल्या मनासारखी सजवलेली. आपल्याकडच्या ट्रकांवर तर प्रत्येक मालकाने हेच खऱ्या आकारात केले आहे. खेळण्यातल्या ट्रकवर चुकलेली करवत तुम्हाला काहीच महाग पडणार नाही.

त्रिमितीय छपाईबद्दल तुम्ही विचारलेले नाही, तरी लिहितो, कारण कुणीतरी तुम्हाला ते सुचवणारच. रिम, स्टिअरिंगचे चाक आणि शोची जाळी यांच्यासाठी ती वापरायला माझी काहीच हरकत नाही. एकसारख्या सात रिम हाताने करण्यात कौशल्यापेक्षा छळच अधिक आहे. रेझिनच्या छपाईत न सुकलेला द्रव त्वचेला त्रास देतो म्हणून हातमोजे घाला आणि घासताना पाण्यात घासा, म्हणजे धूळ उडणार नाही. केबिन मात्र पत्र्यातून हातानेच करा. ज्या वस्तूचा मूळ कारागीर पत्रा कापत आणि ठोकत होता, तिच्या कडा किंचित हातच्या दिसल्या तर त्या खऱ्या वाटतात.

रंगकामाचे वेळापत्रक पावसाच्या हिशेबाने ठरवावे लागेल. दमट हवेत लॅकर (झटपट सुकणारा रंग) फवारला की त्यातले थिनर झपाट्याने उडताना पृष्ठभाग गार पडतो, हवेतली वाफ त्यावर साचते आणि रंगावर दुधट पांढरी झाक येते. माझ्या एका मॉडेल जीपचे बोनेट मी अशाच एका जुलैच्या रात्री, उद्या द्यायची आहे म्हणून घाईने फवारले आणि सकाळी ते धुक्यात भिजल्यासारखे झालेले पाहिले. सगळा रंग उतरवून पुन्हा करण्यात तीन आठवडे गेले आणि देण्याची वेळही टळली. तुमच्या हातात डिसेंबरपर्यंतचा अवधी आहे, तेव्हा मापे आणि बैठका पावसाळ्याआधी, कापाकापी आणि जोडणी पावसाळ्यात, आणि मुख्य रंग दसऱ्यानंतरच्या कोरड्या हवेत, असा क्रम ठेवा. गाड्यांचे रंग विकणाऱ्या दुकानात ज्याला ड्यूको म्हणतात तो रंग हवी ती छटा मिसळून थोड्या प्रमाणात मिळतो, पण त्याचे थिनर पॉलिस्टायरिनला खाते. म्हणून आधी प्रायमरचा पातळ थर द्या, तो पूर्ण सुकू द्या, आणि मग रंग अगदी हलक्या फवाऱ्यांनी, मध्ये वेळ सोडून चढवा. एनॅमल वर आणि लॅकर खाली चालते. एनॅमलवर लॅकर मारला की सुरकुत्या पडतात. एक दशांश मिलिमीटरचा थर म्हणजे खऱ्या ट्रकवर अडीच मिलिमीटर जाडीचा रंग, हे लक्षात राहिले की हात आपोआप हलका होतो. फवारणी खिडकीजवळ आणि सेंद्रिय वाफा अडवणारा मास्क लावूनच करा. साधा कापडी मास्क या कामी निरुपयोगी आहे. वडील तुमच्याकडे राहायला आले असतील तेव्हा तर घरात फवारणी करूच नका.

काचा बसवताना फेविक्विकच्या जातीचा गोंद वापरू नका, त्याची वाफ पारदर्शक प्लॅस्टिकवर बसून काच धुरकट होते. पांढरा फेव्हिकॉल थोडा वेळ घेतो, पण सुकल्यावर दिसत नाही. जुन्या ट्रकांचे सात इंची गोल दिवे या प्रमाणात साडेसात मिलिमीटरचे होतात. चॉकलेटच्या चांदीची वाटी करून त्यावर पारदर्शक इपॉक्सीचा थेंब सोडला तर ते आतून चमकतात.

रंगाबाबत तुमच्या पत्रातला नॅशनल परमिटचा उल्लेख महत्त्वाचा आहे. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ यांमध्ये अशा ट्रकासाठी सुकलेल्या पानासारखा तपकिरी रंग, तीस सेंटिमीटर रुंदीची पांढरी किनार आणि दोन्ही बाजूंना साठ सेंटिमीटर व्यासाच्या वर्तुळात नॅशनल परमिट ही अक्षरे, असे तेव्हा सांगितलेले होते. तुमच्या मॉडेलवर ती किनार साडेबारा मिलिमीटरची आणि वर्तुळ पंचवीस मिलिमीटरचे होईल. मात्र नियमात जे लिहिले तेच प्रत्येक ट्रकवर जसेच्या तसे उतरले असे समजू नका. पेंटरने आणि मालकाने त्यातून आपापला मार्ग काढलेला असे. वडिलांना विचारा, आणि ते नियमापेक्षा वेगळे काही सांगत असतील तर वडिलांचेच खरे माना. त्याचप्रमाणे १९८३ सालच्या ट्रकवर एमएच आणि जिल्ह्याचा आकडा ही आजची नोंदणी नसणार. तेव्हा इंग्रजी तीन अक्षरांची मालिका होती. मागच्या बाजूचे हॉर्न ओके प्लीज महाराष्ट्र शासनाने २०१५ मध्ये बंद केले, परंतु तुमचा ट्रक त्याच्या नऊ वर्षे आधीच रस्त्यावरून गेला होता, तेव्हा ते लिहायला काहीच अडचण नाही.

नवा दाखवावा की जुना, या प्रश्नावर मॉडेलकारांमध्ये पुष्कळ चर्चा होते, आणि माझ्या मते ती बहुतेक वेळा चुकीच्या टोकापासून सुरू होते. ट्रक नवा किंवा जुना असा सर्वसाधारणपणे कधीच नसतो. तो एका विशिष्ट दिवशी विशिष्ट अवस्थेत असतो. म्हणून आधी दिवस ठरवा, आणि तो वडिलांना ठरवू द्या. चॅसी बांधून तासगावात आणली तो दिवस असेल, तर ट्रक कोरा आणि चाकांच्या नटांवरही रंग. द्राक्षाच्या हंगामातला मार्च असेल तर फळ्यांवर धूळ, हबवर ग्रीसचे काळे ओघळ, टाकीच्या झाकणाखाली डिझेलचा डाग. दसऱ्याचा फोटो जवळ असल्यामुळे मला स्वतःला तो दिवस योग्य वाटतो: ट्रक जुना आहे, पण धुऊन पुसून काढलेला आहे, झेंडूचे तोरण आहे, टायरांना काळा रंग फासला आहे, आणि तरीही उजव्या दरवाजाच्या वरच्या काठावरचा रंग वर्षानुवर्षे टेकलेल्या कोपरामुळे उडालेलाच आहे. झिजेचे नियम सोपे आहेत. हात, पाय, दोरी आणि माल जिथे लागतो तिथेच रंग जातो. सगळीकडे सारखा गंज शिंपडला तर ट्रक जुना न दिसता आजारी दिसतो. स्पंजच्या तुकड्याने पायरीच्या कडेला, फाळक्याच्या आतल्या बाजूला आणि हुकांच्या भोवती ठिपके द्या आणि तिथे थांबा. ताडपत्री हवी असेल तर टिश्यू कागद पाणी मिसळलेल्या फेव्हिकॉलमध्ये भिजवून घडी करून टपावर ठेवा. दोरीसाठी सुती दोरा गोंदातून ओढून घेतला की त्याचे केस बसतात. लिंबू-मिरची विसरू नका. लिंबू दोन मिलिमीटरहूनही लहान होईल, पण ट्रकवाल्याच्या घरात त्याची गैरहजेरी आधी जाणवते.

भावाच्या सूचनेत गैर काही नाही. उत्तम व्यावसायिक मॉडेलकार आहेत आणि त्यांना कामाचे पैसे मिळालेच पाहिजेत. पण वर लिहिलेल्या बैठका तुमच्या वतीने दुसरा कुणी घेऊ शकत नाही, आणि त्या झाल्या की उरलेले काम तुमच्या आवाक्यातले आहे. भावाला वेगळे काम द्या. ज्या कारागिराने केबिन बांधली आणि ज्या पेंटरने अक्षरे लिहिली त्यांचा किंवा त्यांच्या मुलांचा शोध तासगाव-सांगलीकडे घ्यायला त्याला सांगा. अशा घरांत जुने फोटो आणि अक्षरांचे कागदी खाके अनेकदा जपून ठेवलेले असतात.

अक्षरांचा मुद्दा शेवटी राहिला. घरच्या आणि दुकानातल्या साध्या छपाईयंत्रांना पांढरा रंग छापता येत नाही, म्हणून पारदर्शक डिकल कागदावर (छापून, पाण्यात भिजवून मॉडेलवर चिकटवायचा पातळ कागद) पांढरी अक्षरे उमटणार नाहीत. एकतर पांढऱ्या डिकल कागदावर भोवतीचा तपकिरी रंग छापून अक्षरे कोरी सोडावी लागतात, किंवा बारीक कुंचल्याने हाताने लिहावी लागतात. समोरच्या नावासाठी आणि वर्तुळातल्या अक्षरांसाठी कुंचला घ्या, खेळण्यातल्या ट्रकवर आठ-दहा वेळा गिरवून हात बसवा. फाळक्यावरच्या ओळीसाठी मात्र माझी सूचना वेगळी आहे. ती ओळ नेमकी काय होती ते वडिलांना विचारा आणि त्यांच्याकडूनच लिहून घ्या. वर्तमानपत्राचे दोन मोठे कागद जोडून जमिनीवर पसरा, त्यांच्या हातात जाड काळा मार्कर द्या आणि डोळ्यांना सोसेल एवढ्या मोठ्या अक्षरांत लिहू द्या. रेषा थरथरली तरी दुसऱ्यांदा लिहायला लावू नका. त्या कागदाचा वरून सरळ फोटो काढून संगणकावर ओळ फाळक्याच्या मापाला लहान करा, काळ्याच्या जागी अक्षरांना हवा तो रंग द्या आणि डिकल छापून घ्या. इंकजेटवर छापले असेल तर पाण्यात सोडण्यापूर्वी त्यावर पारदर्शक लॅकरचे दोन हलके थर द्या, नाहीतर शाई पाण्यात पसरेल. फाळका रंगवून पूर्ण सुकल्यावर, चकचकीत थरावर ते डिकल बसवा, आणि ते बसवताना वडिलांना जवळ बसवून घ्या.